हातोड्याच्या आकड्यावर भिस्त नको

महोदय,

रत्नागिरीत मांडवीजवळ आमची तीन मजली सोसायटी आहे. बांधकाम १९९३ चं. गेली अकरा वर्षं मी सचिव आहे. मे महिन्यात भर दुपारी जिन्याखालचा गिलावा काँक्रीटच्या खपल्यांसकट कोसळला. मुलं रोज तिथंच खेळतात. त्या दिवशी नव्हती, म्हणून निभावलं.

सहाच महिन्यांपूर्वी स्ट्रक्चरल ऑडिट झालं होतं. खांबांवर रिबाउंड हॅमर (पृष्ठभागाचा टणकपणा आकड्यात दाखवणारा हातोडा) मारून ‘इमारत सुस्थितीत’ असा शेरा मिळाला होता. नंतर बोलावलेल्या इंजिनियरांनी उलगडा केला. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये मुरतो तसा वरचा थर टणक होतो आणि हातोड्याचा आकडा उलट वाढतो. पण सळईला गंजापासून राखणारा अल्कधर्मीपणा मात्र संपत जातो.

त्यांनी पार्किंगमधल्या खांबाचा कोपरा छिन्नीने फोडला, धूळ झटकली आणि ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलीन फवारलं. हे रसायन अल्कधर्मीपणा शिल्लक असेल तिथं गुलाबी होतं, संपला असेल तिथं रंगहीन राहतं. आत गर्द गुलाबी, बाहेरच्या अंगाला मात्र कोरा पट्टा. पट्टी लावून मोजला तर ३२ मिलिमीटर! सळईवरचं कव्हर, म्हणजे तिला झाकणारा काँक्रीटचा थर, जेमतेम २५. काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक आयएस ४५६, त्याच्या २००० सालच्या आवृत्तीत समुद्रकाठच्या उघड्या काँक्रीटला ४५ मिलिमीटर सांगितलं आहे.

जिन्याच्या बीमची गोष्ट वेगळीच. तिथं सळईपर्यंत गुलाबी, तरी सळईचे पापुद्रे बोटाने निघत होते. हे मिठाचं काम. आपल्याकडे खारा वारा तर आहेच, शिवाय आमच्या बांधकामाला खाडीची वाळू न धुताच वापरली, असं जुने सभासद सांगतात. मीठ फिनॉल्फ्थॅलीनने कळत नाही. ड्रिलने काँक्रीटची भुकटी काढून क्लोराइड तपासावं लागतं.

सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी, त्यापुढे दर तीन वर्षांनी करायचं असतं. ते काम देतानाच कार्बोनेशनची (कार्बन डायऑक्साइड मुरल्याची) खोली, कव्हर आणि क्लोराइड हे तिन्ही आकडे खांब-बीमवार लेखी मागा. आमच्या सभेत ‘पावसाआधी गिलावा मारून रंग काढू’ असा आग्रह झाला होता. मी विरोध केला, थोडी कटुताही आली. आत गंज तसाच ठेवून वरून गिलावा मारला तर तो पुन्हा कुणाच्या तरी डोक्यावर पडेल.

उरलेल्या चौदा खांबांची तपासणी येत्या रविवारी सकाळी नऊला आहे. आसपासच्या सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांनी पाहायला जरूर यावं.

— एक सोसायटी सचिव, मांडवी, रत्नागिरी