पथक येते तेव्हा मुले फडावर असतात

मा. आरोग्यमंत्री व मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य यांना,

स. न. वि. वि.

पत्र एकच आहे, पण दोघांच्या नावे आहे. ऊसतोडीला आईबापासोबत जाणाऱ्या शाळकरी मुलांच्या आरोग्याबद्दल लिहितोय, आणि ते काम आपल्या दोन्ही खात्यांचे आहे, आणि म्हणूनच ते मधल्या मध्ये लटकते.

मी बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या सातवीपर्यंतच्या शाळेत शिकवतो. दसरा झाला की आमची गावे रिकामी व्हायला लागतात. तोडणी मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते. टोळ्या सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडे जातात, काही बेळगाव-बागलकोटकडे. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मार्च-एप्रिलात परत. ज्यांच्या घरी आजी-आजोबा सांभाळू शकतात ती पोरे गावात राहतात, बाकीची आईबापासोबत फडावर, म्हणजे उसाच्या शेतावर.

शाळेतल्या आरोग्य योजना वाईट आहेत असे मी म्हणणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे. त्याच्या पथकात दोन डॉक्टर, औषधनिर्माता आणि परिचारिका असतात. वर्षातून एकदा शाळेत येऊन ते प्रत्येक मुलाला डोक्यापासून पायापर्यंत तपासतात. हृदयाला छिद्र निघाले तर शस्त्रक्रियासुद्धा मोफत होते. पाचवीपर्यंतच्या मुलांना आठवड्याला लोहाची गुलाबी गोळी, पुढच्यांना निळी. 10 फेब्रुवारीला जंतनाशक दिन. एवढे सगळे आहे.

आता हे ऊसतोडीच्या हंगामाशेजारी मांडून बघा. आमच्या भागात पथक येते ते बहुधा डिसेंबर-जानेवारीत. त्या वेळी पटावरची बरीच मुले कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत असतात. पथकाच्या रजिस्टरात त्यांच्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहिले जाते आणि तपासणी पूर्ण झाल्याचा अहवाल वर जातो. जंताच्या गोळीची ऑगस्टची फेरी त्यांना सापडते, फेब्रुवारीची हुकते. लोहाच्या गोळ्या दिवाळीनंतर थेट उन्हाळ्यात, म्हणजे जवळपास शाळा सुटतानाच. पथकातल्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. एका गाडीत ते अख्खा तालुका फिरतात, आणि त्यांच्या हातात जे वेळापत्रक पडते त्यात मुकादमाची तारीख कुठेच नसते.

आमच्या शाळेत सहावीला एक मुलगा होता. फळ्यावरचे दिसत नाही म्हणून शेजारच्याच्या वहीतून उतरवायचा, आणि त्यावरून मार खायचा. एका वर्षी सुदैवाने तो पथकाला सापडला. डोळ्यांचा नंबर निघाला, पुढे चष्मा मंजूर झाला. चष्मा आला तेव्हा मुलगा कर्नाटकात. डबीवर त्याचे नाव लिहिलेला तो चष्मा हंगामभर माझ्या कपाटात राहिला. तो परत आल्यावर डोळ्यावर चढवला, तर दोन दिवसांनी म्हणाला, “सर, चिंचंची पानं येगळी येगळी दिसत्यात.” मला आनंद झालाच, पण त्याचे अख्खे वर्ष वाया गेले होते, तेही एका टपालाच्या अंतरामुळे. चष्मा तिथल्या साखर कारखान्याच्या हद्दीत पाठवायची सोय कुठल्याही योजनेत मला सापडली नाही.

आणि मुले परततात कशी, तेही सांगतो. पाच-सहा महिने भाकरी, चटणी आणि कोरा चहा. पहाटे आईबाप फडात गेले की धाकट्याला सांभाळायचे, वाढे (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करायचे, पाणी आणायचे. पोरी तर स्वयंपाकही करतात. परत आलेल्या मुलांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या तर आतून फिकट असतात. चहाने अन्नातले लोह नीट अंगी लागत नाही हे आपल्या डॉक्टरांना ठाऊक आहे, पण कोपीत दुसरे काय मिळणार? अशा मुलांसाठी शाळेतले पोषण आहाराचे ताट हे भरपाईचे ताट असते. नियमाने पहिली ते पाचवीला 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीला 700 आणि 20. 2023 च्या नोव्हेंबरात आठवड्याला एक अंडे सुरू केले, तेव्हा अंड्याच्या दिवसाची, बुधवारी किंवा शुक्रवारी, हजेरी बघण्यासारखी होती. 2025 च्या जानेवारीत अंड्याचा सरकारी निधी बंद झाला आणि लोकसहभागातून द्या असे सांगण्यात आले. साहेब, आमच्या गावातला लोक उसाच्या फडात असतो. सहभाग कोणाचा घेऊ?

2020 साली आयुष्मान भारत योजनेतून शाळाशाळांत आरोग्यदूत नेमायचे ठरले. दोन शिक्षक, त्यात एक पुरुष, एक स्त्री. आमच्या शाळेत एकही बाई नाहीत. तरी दूत आहेत, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे फाइलला आहेत. सातवीच्या मुलींना पाळीबद्दल कोणी सांगायचे हा प्रश्न मात्र आम्ही गावातल्या आशाताईंना विनंती करून सोडवला. त्यांना त्याचे काही मिळत नाही, तेवढे आपल्या कानावर असावे.

बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय 2019 साली गाजला. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि त्यानंतर हंगामाला निघण्याआधी व परतल्यावर बायकांची तपासणी करण्याची पद्धत जिल्ह्यात आली. अंमलबजावणीबद्दल तक्रारी आहेत, पण सरकारने निदान मुकादमाचे कॅलेंडर मान्य केले. माझे मागणे एवढेच की जे आईसाठी मान्य केले ते तिच्या लेकरासाठीही करा.

म्हणजे काय, तर ज्या तालुक्यांतून टोळ्या जातात तिथल्या शाळांची तपासणी जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून दसऱ्याच्या आत उरकावी. कोणती गावे ते शोधायला नवी समिती नको, आईबाप ऊसतोडीला गेल्यावर मुलांना गावातच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहांच्या याद्या शिक्षण विभागाकडे पडून आहेत. तपासणीत ज्याला औषध, चष्मा किंवा शस्त्रक्रिया लागते असे दिसेल, त्याचे नाव मुलगा ज्या कारखान्याच्या हद्दीत जाणार तिथल्या पथकाला कळवावे. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ कामगारांना ओळखपत्र देतेच, त्याच्यासोबत मुलांचे आरोग्य कार्डही देता येईल. निघताना आईच्या हातात हंगामभराच्या लोहाच्या गोळ्या द्याव्यात, आणि त्या चहाबरोबर नको, जेवणानंतर, हे तिला तोंडी समजावून सांगावे. कागद वाचायला तिला वेळ नसतो. सीमेपलीकडच्या फडांसाठी कर्नाटकाशी बोलावे लागेल, ते आपल्यालाच शक्य आहे.

हंगामी वसतिगृहांबद्दल शिक्षणमंत्र्यांना वेगळी विनंती. मंजुरी येईपर्यंत मुले निघून गेलेली असतात. मग रिकाम्या गावात ताट वाढायचे कोणाला? मंजुरी सप्टेंबरात आली तर आईबाप पोराला मागे ठेवायचा विचार तरी करतात. मूल गावात राहिले की त्याची गोळी, त्याचा चष्मा, त्याची परीक्षा, सगळेच जागेवर होते. आणि अंडे परत सुरू करताना पैसे पुन्हा आमच्यावर ढकलू नका.

यंदा स्थलांतर करणाऱ्या मुलांची यादी, कोण कुठल्या कारखान्याला जाते त्यासह, आमच्या केंद्रातल्या शिक्षकांकडे तयार आहे. आपल्या दोन्ही खात्यांपैकी ज्याला आधी हवी असेल त्याने मागवावी. दुसऱ्याला झेरॉक्स देऊ.

आपला,
बीड जिल्ह्यातील एक जिल्हा परिषद शिक्षक