मिशाळ आईला बालवाडीत जागा नाही

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

नॉर्वेतल्या बालवाड्यांत काम करणाऱ्या दर शंभर जणांमागे पुरुष जेमतेम दहाच्या आसपास आहेत आणि तिथल्या सरकारला तेही फार कमी वाटतात. वीस टक्क्यांचं उद्दिष्ट त्यांनी १९९० च्या दशकातच ठरवलं, ते अजून गाठलेलं नाही. आपला आकडा काय असेल म्हणून शोधायला बसलो, तर अंगणवाडीपुरता तो शोधायचीच गरज नव्हती. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, त्यातली सेविका आणि मदतनीस ही दोन्ही पदं बायकांसाठीच आहेत. तिथे दहा कमी पडतात म्हणून धडपड चालते, इथे शून्य नियमानंच ठरून गेलंय.

माझा पुतण्या डी.एड. झालाय. करवीर तालुक्यातल्या आमच्या गावात बेंदूर आला की भावकीतली चार-पाच वर्षांची सगळी पोरं त्याच्या भोवती. तो मातीचे बैल करतो, पोरं त्या बैलांना नावं देतात, मग त्याच बैलांची गोष्ट तासभर चालते. मी स्वतः छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, पण इतक्या लहान मुलांना असं धरून ठेवणं मला कधी जमलं नाही. शहरातल्या एका खासगी बालवर्गात तो विचारायला गेला. "पालकांना चालायचं नाही," एवढंच उत्तर मिळालं. आता तो शिरोलीच्या एमआयडीसीत पाळ्या करतो.

पालकांची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत चिमुरड्या मुलींवर झालेला अत्याचार कोण विसरेल? मलाही दोन नाती आहेत. पण वर्गात कायम दोन मोठी माणसं, उघडं दार, नेमणुकीआधी पोलीस पडताळणी, हे नियम बाई असो वा पुरुष, सगळ्यांनाच हवेत.

आणि पुरुषानं लहान मुलांना शिकवणं आपल्याकडे नवीन कुठं आहे? गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं. गुजरातेत त्यांना 'मूछाळी मा', म्हणजे मिशाळ आई म्हणत. आपल्या ताराबाई मोडक त्यांच्याच सोबतीनं काम करून आल्या आणि पुढं बोर्डीत त्यांनी बालशिक्षण उभं केलं.

मला जास्त बोचतं ते मानधन. नॉर्वेत बालवाडी शिक्षक व्हायला तीन वर्षांची पदवी लागते आणि त्याला रीतसर पगार असतो. आपल्या सेविकेला 'मानसेवी' ठरवून मानधन देतात. डिसेंबर २०२३ मध्ये त्या त्यासाठीच संपावर उतरल्या होत्या. लहान मूल सांभाळणं हे बाईचं घरचंच काम, मग त्याला पगार कशाला, हीच समजूत बाईला कमी पैसे देते आणि पुरुषाला दाराबाहेर ठेवते.

अंगणवाडीतल्या एकाही बाईची जागा काढून घ्या असं माझं म्हणणं नाही. कितीतरी विधवा, परित्यक्ता बायकांचं घर त्यावर चालतं. पण नव्या शैक्षणिक धोरणानं तीन ते सहा वर्षांचं शिक्षण पायाभूत टप्प्यात धरलंय. तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळांना जोडून जे बालवर्ग निघतील, तिथली पदं पूर्ण पगाराची असावीत आणि प्रशिक्षित स्त्री-पुरुष दोघांना खुली असावीत. जाहिरात निघाली तर माझा पुतण्या पहिल्या दिवशी अर्ज घेऊन येईल.

आपला,
एक सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर