चालू प्रोग्राम, बंद झालेले अवजार: माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

नागपूरच्या इतवारी-गांधीबागेतील व्यापाऱ्यांचे बिलिंगचे आणि साठ्याचे प्रोग्राम लिहिणे व दुरुस्त करणे, हा माझा व्यवसाय आहे. 22 सप्टेंबर 2025 रोजी, म्हणजे नेमक्या घटस्थापनेच्या दिवशी, नमकीनवरील जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आणि फरसाणाच्या एका ठोक व्यापाऱ्याने मला तातडीने बोलावले. त्यांचा प्रोग्राम व्हिज्युअल बेसिक 6 या प्रोग्राम लिहिण्याच्या जुन्या अवजारात लिहिलेला असून कराचा दर प्रोग्रामच्या आतच लिहून ठेवलेला होता. तो बदलण्यासाठी लागणारा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ लिखित मजकूर, दुकानात कधी आलाच नव्हता आणि लिहिणाऱ्याचा फोन लागत नव्हता. ऐन सणात तिथली मुले बिलबुकावर हाताने बिले फाडत होती.

व्हिज्युअल बेसिक 6 हे 1998 सालचे अवजार. मायक्रोसॉफ्टने त्याचा आधार (सपोर्ट), म्हणजे दुरुस्त्या आणि मदत देणे, एप्रिल 2008 मध्ये संपवला. मात्र त्यात तयार झालेले प्रोग्राम विंडोज 11 वरही चालतात, आणि माझ्या मते खरा धोका इथेच आहे, कारण जे रोज सकाळी निमूटपणे सुरू होते त्याची दुरुस्ती आता अशक्य झाली आहे, हे मालकाला कायदा बदलल्यावर किंवा संगणक जळाल्यावरच कळते. व्हिज्युअल फॉक्सप्रो या मायक्रोसॉफ्टच्याच दुसऱ्या अवजाराची पुढची आवृत्ती येणार नाही, हे 2007 मध्येच जाहीर झाले होते आणि जानेवारी 2015 मध्ये त्याचाही आधार संपला. त्याच्या तक्त्याची फाइल 2 जीबीपलीकडे वाढत नाही, त्यामुळे धंदा जितका चांगला तितकी ही भिंत लवकर आडवी येते. (फॉक्सप्रोत मीही पुष्कळ लिहिले आहे, तेव्हा हा दोष केवळ इतरांचा नाही.)

मराठी दुकानदारांची अडचण तर दुहेरी आहे. व्हिज्युअल बेसिक 6 च्या मजकूर भरण्याच्या मूळ चौकटींना युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची एकच अक्षर-संकेत पद्धत) पेलत नाही, म्हणून गिऱ्हाइकांची नावे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार दाखवणाऱ्या जुन्या फाँटमध्ये भरली गेली. तीच माहिती नव्या प्रोग्राममध्ये नेली की नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो आणि वीस वर्षांची खातेवही एकेक नाव तपासून पुन्हा उभी करावी लागते.

सगळे जुने एका रात्रीत फेकून द्यावे, असे मी म्हणत नाही. जुन्या कोडमध्ये उधारीचे, सवलतीचे, मापातील तुटीचे असे नियम दडलेले असतात की जे आता कोणालाच तोंडपाठ नाहीत. माझी मागणी मर्यादित आहे. शासकीय कार्यालये, नगरपालिका आणि बाजार समित्या जे सॉफ्टवेअर घेतात, त्याच्या करारात ते कोणत्या अवजाराच्या कोणत्या आवृत्तीत लिहिले आहे आणि त्या आवृत्तीचा आधार कधी संपतो, हे नमूद करणे सक्तीचे करावे. सोर्स कोड खरेदीदाराच्या ताब्यात द्यावा आणि सर्व माहिती युनिकोडमध्ये बाहेर काढता येते, हे पैसे चुकते करण्यापूर्वी करून दाखवायला लावावे. छोट्या व्यापाऱ्यांवर अशी सक्ती करता येणार नाही, पण याच अटींचा दोन पानी मराठी करारनामा जिल्हा उद्योग केंद्रांतून त्यांना मोफत मिळू शकतो.

त्या करारनाम्याचा कच्चा मसुदा मी विनामूल्य लिहून देईन.

आपला विश्वासू,
इतवारीतील एक प्रोग्रामर, नागपूर