दोन कपाटं आणि शैलला पत्र

कराड, १२ जून

प्रिय शैल,

तुझं पत्र परवा आलं. गावच्या मुंबईकर मंडळाने शाळेला दोन कपाटं दिली, वर पुस्तकांसाठी पैसेही दिले आणि मीटिंगमध्ये सगळ्यांनी ‘आता बाईच काय ते बघतील’ म्हणून हात झटकले, हे वाचून खूप हसले. दापोली तालुका काय आणि कराड काय, माणसं सारखीच. असो. तू यादी मागितलीस, तीही पहिली ते चौथी, पाचवी ते सातवी, आठवी ते दहावी अशी कप्प्यांसकट. यादी देते, पण या कप्प्यांत नाही देणार. कारण ऐक.

इयत्तेच्या पाट्या लावल्यास की आठवीतला जो मुलगा अजून अडखळत वाचतो, तो सगळ्यांदेखत ‘पहिली ते चौथी’पुढे उभा राहणार नाही. आठवीच्या कप्प्यातलं त्याला झेपत नाही. म्हणजे तो कपाटाकडे फिरकायचाच बंद होतो, आणि आपण म्हणतो मुलांना मोबाईलने बिघडवलं. आमच्या वाचनालयाच्या बालविभागात मी विषयाप्रमाणे कप्पे केलेत आणि एका कप्प्यात सगळ्या वयांची पुस्तकं मिसळून ठेवलीत. जनावरांच्या कप्प्यात मोठ्या अक्षरांचं चित्रांचं पुस्तक आणि शेजारी दोनशे पानी कादंबरी. कोण कोणत्या पातळीचं वाचतंय हे कुणाला कळत नाही, आणि चित्रांचं पुस्तक न्यायला आलेला हळूच शेजारचं चाळून बघतो. पाट्यांवर ‘संस्कारक्षम’, ‘बोधपर’ असलं काही लिहू नकोस. तो कप्पा मुलं बरोबर ओळखतात आणि टाळतात.

तुझ्या गावासाठी मी पहिला कप्पा करेन ‘घर लांब आहे’ या नावाचा. तूच लिहिलंयस की वर्गातल्या कितीतरी मुलांचे आईवडील मुंबईत आणि मुलं इथे आजी-आजोबांकडे. आईबाप दिसायचे ते शिमग्याला आणि गणपतीला. या मुलांसाठी प्रकाश नारायण संतांचा लंपन हवाच. ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’ अशी चार पुस्तकं आहेत, सुरुवात ‘वनवास’पासून. तेही पोरगं आईवडिलांपासून लांब, बेळगावकडच्या एका गावात आजी-आजोबांजवळ वाढतंय. त्याला दुःख होतं, पण ते तो कधी सरळ बोलत नाही. सुमीबद्दल बोलतो, गावातल्या माणसांबद्दल बोलतो, सगळं मॅडसारखं वाटतं म्हणतो, आणि मधेच एखाद्या ओळीत आई येते. संत इथे कराडातच भूगर्भशास्त्र शिकवायचे, त्यामुळे आमच्याकडे त्यांच्याबद्दल जरा जास्तच आपुलकी आहे, तेवढी सूट दे. पण माझं मत आपुलकीपोटी नाही. इथल्या वसतिगृहात राहणारी एक सातवीतली मुलगी ‘वनवास’ घेऊन गेली ती मुदत उलटली तरी परत येईना. शेवटी आली, दंडाचे पैसे टेबलावर ठेवले आणि म्हणाली, “याच्यावर परत तारीख मारून द्या.” पुस्तक उघडून बघितलं तर आत पानापानाला बसच्या तिकिटांच्या खुणा. कुठल्या पानांना, ते मी पाहिलं नाही. ते तिचं.

एक मात्र सांगते. लंपनची भाषा कानडी वळणाची आहे, तुझ्या मुलांना सुरुवातीला अडेल. पहिली पाच-सहा पानं तू वर्गात मोठ्याने वाच, आणि ऐन रंगात आल्यावर पुस्तक मिट. पुढचं काम ती करतात. याच कप्प्यात ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ ठेव, तो तर अनाथच पोर. आणि ‘तोत्तोचान’. तेत्सुको कुरोयानागींच्या या आठवणींचं मराठी भाषांतर नॅशनल बुक ट्रस्टने काढलंय, म्हणजे स्वस्तात मिळतं. पहिल्या शाळेतून काढून टाकलेली मुलगी तोक्योतल्या तोमोए शाळेत जाते, तिथे आगगाडीच्या डब्यांत वर्ग भरतात. मुलांना डबे आवडतात. शिक्षकांनी मात्र त्यातले मुख्याध्यापक नीट वाचावेत, पहिल्या भेटीत ते त्या मुलीचं बोलणं किती वेळ ऐकत बसतात ते. तूही वाच.

दुसरा कप्पा जंगलाचा. हा न सांगता रिकामा होतो, त्यामुळे इथे हात आखडू नकोस. डॉ. प्रकाश आमट्यांचं ‘रानमित्र’ हेमलकशातल्या प्राण्यांबद्दल आहे, भरपूर फोटो आहेत, अडखळणाऱ्यांना सोपं जातं. त्याला लागून विलास मनोहरांचं ‘नेगल’. नेगल हा त्यांनी वाढवलेला बिबट्या. बिबट्या तुमच्याकडच्या मुलांना काही नवा नाही. संध्याकाळी वाडीतून जाताना वाघरू येईल म्हणून आजी दामटून आत घेतेच. त्यांना त्याच जनावराची दुसरी बाजू दिसू दे. मारुती चितमपल्लींची ‘रानवाटा’ आणि ‘चकवाचांदण’ आठवी-नववीच्या मुलांनी हळूहळू वाचायची. कृष्णमेघ कुंट्यांचं ‘एका रानवेड्याची शोधयात्रा’ पाठ्यपुस्तकांत न रमणाऱ्या मुलाच्या हातात मुद्दाम दे.

याच कप्प्यात दोन पुस्तकं अशी आहेत की त्यावरून पालक तुला विचारायला येतील. एक राम पटवर्धनांनी मराठीत आणलेलं ‘पाडस’. ज्योडी हरणाचं पाडस वाढवतो आणि शेवटी त्यालाच ते मारावं लागतं. आमच्याकडे एक आजोबा तणतणत आले होते, नात रात्रभर रडली म्हणून. मी म्हटलं, रडू दे की. दुसरं व्यंकटेश माडगूळकरांचं ‘सत्तांतर’. वानरांच्या टोळ्यांची गोष्ट, छोटीशी. १९८३ साली तिला साहित्य अकादमी मिळालं. नवा नर टोळी ताब्यात घेतो आणि पिल्लांना मारतो, हे त्यात आडपडदा न ठेवता आहे. पाचवीतल्याला देऊ नकोस. नववीतल्याला दे, आणि त्याच्याशी नंतर बोल. माकडं वाड्या कशा लुटतात हे जिथे रोज दिसतं, तिथली मुलं हे पुस्तक शहरातल्या मुलांपेक्षा जास्त शहाणपणाने वाचतील असं मला वाटतं.

भुतं! कोकणात राहून भुतांचा कप्पा केला नाहीस तर मुलं तुला माफ करणार नाहीत. लहानांना राजीव तांब्यांचं ‘प्रेमळ भूत’. त्यांच्याहून मोठ्यांना रत्नाकर मतकरींचं ‘अलबत्या गलबत्या’ आणि ‘निम्मा शिम्मा राक्षस’; ही नाटकं आहेत, स्नेहसंमेलनालाही उपयोगी पडतील. चिंची चेटकिणीच्या भूमिकेसाठी भांडणं होणार हे आत्ताच सांगते. मतकरींच्या मोठ्यांसाठीच्या गूढकथा दहावीतली मुलं कुठून ना कुठून मिळवतातच. तू त्या शाळेच्या कपाटात ठेवू नकोस, पण घरून आणून कुणी वाचताना दिसला तर डोळे वटारू नकोस.

शोध आणि साहस या कप्प्यावर जास्त लिहीत नाही, तो आपोआप चालतो. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे: फुरसुंगीचा बनेश, सायकल आणि तोंडात ‘ट्टॉक’. पन्नास वर्षांनंतरही पोरं घेतात, फक्त बांधणी सारखी उसवते. सत्यजित राय यांचा फेलूदा अशोक जैन यांनी मराठीत आणलाय, तो सातवीच्या पुढे. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे मी हसायच्या कप्प्यात ठेवते, तू हवा तर इकडे ठेव.

विज्ञानाच्या कप्प्यात तू काय करशील ते मला माहीत आहे: ‘शंभर वैज्ञानिक’, ‘थोर शास्त्रज्ञांच्या गोष्टी’ असलं काहीतरी घाऊक उचलशील, सवलतीत मिळतं म्हणून. नको घेऊस. त्याऐवजी वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ घे, आणि एकच प्रत पुरणार नाही. १९८१ पासून लोक वाचताहेत आणि अजून थांबलेले नाहीत. गुलामीत जन्मलेला मुलगा माती आणि भुईमुगाच्या जोरावर कुठे जातो, हे शेती पाहत वाढलेल्या मुलांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही. दुसरे नारळीकर. ‘यक्षांची देणगी’ घे. नारळीकरांचा किस्सा मुलांना सांग: १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. परीक्षकांनी नाव बघून बक्षीस देऊ नये म्हणून! बक्षीस मिळालंच. मग त्यांची ‘उजव्या सोंडेचा गणपती’ वाचून दाखव, डावं-उजवं उलटं होण्याची ती गोष्ट, आणि मुलं आरशापुढे उभी राहून हात हलवतात की नाही बघ.

आता मोठ्या मुली आणि मुलगे. इथे शाळेची कपाटं बहुतेक गप्प बसतात. मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ तू ठेवच. नववीतल्या मुलाचं प्रेम आहे म्हणून काही पालक कपाळाला आठ्या घालतील. त्यांना म्हणावं, आधी वाचा. आणीबाणीच्या काळातलं ते छोटं गाव, ती मुलं, ते शिक्षक. मुलांना त्यात शिरोडकर दिसते, आपल्याला आपले मास्तर दिसतात. मुलींसाठी शान्ता शेळक्यांची ‘चौघीजणी’, आणि (दचकू नकोस) लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. परीक्षेच्या नेमणुकीने आपण त्या पुस्तकाची वाट लावली आहे. अगं, ते धमाल विनोदी पुस्तक आहे! वडिलांच्या सोवळ्याचा कहर असलेली सुरुवातीची प्रकरणं पंधरा वर्षांच्या मुलीला वाचून दाखव, ती पोट धरून हसेल, आणि त्याच पानावर त्या घरातल्या बायकांचं काय होत होतं हेही तिला कळेल. मात्र ‘मुलींसाठी’ अशी पाटी लावू नकोस. ‘शाळा’ मुलींनी न्यावं, ‘चौघीजणी’ मुलांनी.

अगदी लहानांसाठी माधुरी पुरंदरे. त्यांचं जे मिळेल ते घे: ‘राधाचं घर’, यशच्या गोष्टी, ‘बाबाच्या मिशा’. चित्रंही त्यांचीच. घर म्हणजे पसारा, ओट्यावरची भांडी, दोरीवरचे कपडे; कुठेही गुळगुळीत गोड मुलं नाहीत. ‘वाचू आनंदे’चे चारही भाग तुझ्या स्वतःच्या टेबलावर ठेव, वर्गात वाचायला त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. कवितांत विंदा: ‘राणीची बाग’, ‘एटू लोकांचा देश’. पाठ करायला देऊ नकोस, आपोआप होतात.

‘श्यामची आई’ मुद्दामच मागे ठेवली. तुझ्याकडे त्याच्या चार-पाच प्रती आधीच पडून असणार, बक्षीस म्हणून आलेल्या, कोऱ्या करकरीत. साने गुरुजी पालगडचे, म्हणजे तुमच्याच तालुक्यातले, म्हणून जयंतीला हार घालून झालं की पुस्तक परत आत जातं. पुस्तकाच्या बेचाळीस रात्री आहेत. पहिल्यापासून सुरू करायची काही गरज नाही. ‘लाडघरचे तामस्तीर्थ’ आधी वाच. लाडघरचा समुद्र तुझ्या मुलांनी पाहिलेला आहे. मग श्यामच्या पोहण्याची रात्र, जिथे तो घाबरून लपतो आणि आई त्याला शिंपटीने मारत बाहेर काढते. मग ‘पत्रावळ’. आईच्या प्रेमाचे उमाळे वगैरे राहू दे, श्याम किती भित्रा, हट्टी आणि चोरटा पोरगा होता हे मुलांना दिसलं की पुढचं ती स्वतः वाचतात.

थोडं व्यवहाराचं. पुस्तकं आली की लगेच बाइंडरकडे देऊ नकोस. तो वरचं चित्र काढून तपकिरी पुठ्ठा चढवतो आणि मग ते पुस्तक कुणी हातात धरत नाही. पारदर्शक प्लास्टिकचं कव्हर घाल, पाठीला पट्टी लाव, आणि शिवण खरंच सुटली की मग बांधणी. तुमच्याकडे पावसाळ्यात ओल येते, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेव. कपाटाची किल्ली शिपायाकडे किंवा हेडमास्तरांकडे नको. दोन मुलांना देवघेवीची वही सांभाळायला दे. एखाददुसरं पुस्तक गहाळ होईल. होऊ दे.

पैसे संपले तरी ‘किशोर’ आहेच. १९७१ पासूनचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर फुकट ठेवलेत, आणि अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावरही मराठी पुस्तकं ढिगाने मिळतात. शाळेत प्रिंटर असेल तर रंगीत पानं काढून भिंतीवर लाव.

गणपतीला चाकरमानी येतील तेव्हा ‘पुस्तकं दान करा’ असं मोघम सांगू नकोस. मागच्या वर्षीची गाइडं आणि जुन्या डायऱ्या येतील. या यादीतली नावं चिठ्ठ्यांवर लिहून मंडपात ठेव, ज्याला जी उचलायची ती उचलू दे. आणि त्याआधी शाळेत आत्ता काय काय आहे त्याचा फोटो पाठव, म्हणजे आमच्याकडच्या जादा प्रतींतलं काय पाठवायचं ते मी बाजूला काढून ठेवते. कमिटीची परवानगी मी बघते, तू फक्त शाळेच्या लेटरहेडवर दोन ओळींची मागणी पाठव.

काकूंना नमस्कार. आमसुलं संपलीत, हे सुचवणं नाही, माहिती आहे.

तुझी,
विजू