मृतांच्या तोंडी शब्द घालताना

संपादक महोदय,

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांवर निघालेल्या चित्रपटांत पॉल ग्रीनग्रास यांचा 'युनायटेड ९३' (२००६) मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. त्या दिवशी अपहरण झालेल्या आणि प्रवाशांनी प्रतिकार केल्यावर कोसळलेल्या 'युनायटेड ९३' या विमानाची ही कथा. त्यात नावाजलेले तारे नाहीत. अमेरिकेच्या हवाई वाहतूक नियंत्रण केंद्रातले संचालन व्यवस्थापक बेन स्लायनी यांनी तर स्वतःचीच भूमिका केली आहे. त्या पदावरचा त्यांचा तो पहिलाच दिवस, आणि त्याच दिवशी आकाशातली हजारो विमाने खाली उतरवण्याचा आदेश द्यायची वेळ आली! पडद्यावर ते भाषणे ठोकत नाहीत. अर्धवट माहिती आणि खणखणणारे फोन यांतून वाट काढतात. नेवार्क विमानतळावर उड्डाणाआधी हे विमान सुमारे ४० मिनिटे खोळंबते, तो रटाळ वेळच छातीवर दडपण आणतो.

एक गोष्ट मात्र फार खटकली. अपहरणकर्त्यांचे ऐकू या, प्रतिकार नको, असे म्हणणारा प्रवासी जर्मन दाखवला आहे. विमानातल्या ४० प्रवासी व कर्मचाऱ्यांपैकी कोणीच वाचले नाही. उरले ते कॉकपिटमधले ध्वनिमुद्रण आणि घरच्यांना केलेले फोन. असे असताना एका खऱ्या, मृत माणसाच्या माथी भित्रेपणा कशाच्या आधारावर मारला? त्याच्या कुटुंबाने हे कसे पाहायचे?

कंदाहार अपहरणावर आपल्याकडेही कलाकृती येत आहेत. कोणते प्रसंग नोंदींतून घेतले आणि कोणते कल्पनेतून रचले, हे निर्मात्यांनी सुरुवातीलाच ठळकपणे सांगावे.

— एक वाचक, ठाणे