दत्तूस पत्र : वस्तीवरचा बोकड आणि कायदा

विटा, जि. सांगली
आषाढ शुद्ध पंचमी

प्रिय दत्तू,

सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन आला तेव्हा तुझा आवाज ऐकून मला वाटलं, भावकीत बांधावरनं डोकी फुटली. निघालं काय, तर कुणीतरी तुला पारावर सांगितलं, "आता घरात कोंबडी कापायलाबी लायसन लागतंय, न्हाईतर पोलीस उचलत्यात." वस्तीवर रेंज नाही, निम्मं बोलणं तुटलं. म्हणून बऱ्याच वर्षांनी पत्र लिहायला बसलोय. तीस वर्षं एर्नाकुलमला गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या भट्टीपुढं काढलीस, आता येरळा नदीकाठी दहा शेरडं आणि पाचपंचवीस गावठी कोंबड्या पाळून घरचं खायचं म्हणतोस. चांगलं आहे. त्यासाठी वकील लागत नाही, पण फुकटचा मित्र वकील आहे तर ऐकून घे.

पारावरचा सल्ला खोटा आहे. जनावरांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा 1960 चा केंद्राचा कायदा आहे. त्याचं कलम 11 सगळ्यांना धाक घालायला सापडतं, पण त्याच कलमात पुढं लिहिलंय, की माणसाच्या अन्नासाठी जनावर मारणं हा त्या कलमाखाली गुन्हा नाही. अट एकच, त्यात विनाकारण वेदना देता कामा नये. म्हणजे घरचा बोकड घरच्यांसाठी कापलास तर कायदा बोकड का कापला विचारत नाही, कसा कापला ते विचारतो. शिक्षा वाचलीस तर हसशील. पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड, 1960 साली लिहिला तो तसाच. आमच्या कोर्टासमोर चहा-भजी त्याहून महाग पडतात.

पण गाय-बैलाच्या बाबतीत हसू नको. तू केरळात राहिलास, तिकडं दुकानात बीफ उघड मिळतं, हॉटेलात पाटीवर लिहिलेलं असतं. ती सवय घाटाच्या पलीकडं ठेवून ये. आपल्याकडं 1976 चा प्राणी रक्षण कायदा आहे. आधी त्यात पूर्ण बंदी फक्त गाईला होती. 2015 च्या मार्चपासून बैल आणि वळूही त्या बंदीत आले. खिल्लाराची जोडी म्हातारी झाली, कामाची राहिली नाही, तरी कापता येत नाही, कापायला विकताही येत नाही. पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. 2016 साली मुंबई उच्च न्यायालयानं बंदी कायम ठेवली, फक्त परराज्यातून आणलेलं मांस जवळ बाळगण्यावरचं कलम रद्द केलं. म्हणून तू एर्नाकुलमहून डब्यात काही आणशील तर तो शहाणपणा करू नको. निकाल आपल्या बाजूनं असला तरी तो रात्री अकरा वाजता टेंपो अडवणाऱ्या पोरांना पाठ नसतो. म्हैस आणि रेडकू यांना सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो. तू त्या भानगडीत पडणार नाहीस, मला माहीत आहे. शेळी, मेंढी, कोंबडी या कायद्यात येतच नाहीत.

आता खरी गोष्ट सांगतो, जी मी आजवर तुला सांगितली नव्हती. आमच्या जत्रेला मी हौसेनं बाजारातनं एक धडधाकट शेळी आणली. बोकड महाग होते, आणि विकणारा म्हणाला, भाकड आहे. कापायला आलेल्या मुलाणीचाचांनी तिच्या पोटावर हात ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "वकीलसाब, हिला दोन महिनं जाऊ द्या." मी घाई केली. पावणे यायचे होते, चुलीवर आदण चढलेलं. पोट फाडलं तर आत दोन पिल्लं. आईनं त्या दिवशी जेवण केलं नाही, आणि मला काही बोललीही नाही, हे जास्त लागलं. पुढं एका प्रकरणात 2001 चे कत्तलखान्यांचे नियम वाचायला लागले. त्यात साफ लिहिलंय : गाभण जनावर कापायचं नाही, तीन महिन्यांच्या आतलं कापायचं नाही, जिचं पिल्लू तीन महिन्यांच्या आतलं आहे ती कापायची नाही. एका जनावरासमोर दुसरं कापायचं नाही. हे नियम मुख्यतः मोठ्या कत्तलखान्यांसाठी केलेत, दिवसाला दहा किंवा जास्त जनावरं कापणाऱ्यांसाठी. पण मी ते वाचताना चाचांचा हात आठवत होतो. त्यांना नियम कुणी शिकवला नव्हता. तेव्हापासून आमच्या घरात तो पाळला जातो. तुझ्याही घरात पाळ, कुणी बघत नसलं तरी.

बाकी कसं करायचं हे चाचांचा मुलगा तुला दाखवेल, आता सुरी तोच चालवतो. आदल्या रात्री चारा बंद, पाणी मात्र ठेवायचं. सकाळी थंड वेळेला. दावणीपासून लांब, बाभळीच्या आडोशाला, बाकीच्या शेरडांना दिसणार नाही असं. सुरी अशी की एका ओढीत काम व्हावं. आणि बाजारातनं कोंबड्या आणताना पाय बांधून सायकलच्या हँडलला उलट्या लटकवू नको. आपले आजे तसंच आणत, पण विनाकारण वेदना ती हीच. पाटी घे, वर जाळी बांध. बोकडाला ताप आला म्हणून इंजेक्शन टोचलं असेल तर डॉक्टरनं सांगितलेले दिवस जाऊ दे, मगच कापायचा विचार कर.

दोन गोष्टी कायद्यापेक्षा जास्त महत्त्वाच्या. आपोआप मेलेलं जनावर खायचं नाही, कितीही ताजं दिसू दे. अचानक मेलं आणि नाकातोंडातनं काळं रक्त आलं, तर फाशी हा रोग, म्हणजे अँथ्रॅक्स, असू शकतो. ते फाडायचंसुद्धा नाही, आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. दुसरं, फुप्फुसावर किंवा काळजावर पाण्याचे फोड दिसले तर तो तुकडा कुत्र्याला टाकू नको. आपल्याकडं सगळे टाकतात. त्या फोडातनं कुत्र्याच्या पोटात बारीक पट्टकृमी होतात, त्यांची अंडी अंगणात पडतात, आणि तेच फोड माणसाच्या काळजात उठतात. खोल खड्डा, वर चुना, विषय संपला. वजडी धुतलेलं पाणीही येरळेत सोडू नको, खाली लोकांच्या विहिरी आहेत.

आता वाट्यांचं. आखाडात आपल्याकडं पाच-सात घरं मिळून एक बोकड घेतात आणि वाटे घालतात. बोकड सगळ्यांच्या पैशानं आणलाय, सगळ्यांचाच आहे, तोवर मला त्यात दुकानदारी दिसत नाही. पण तू दर रविवारी स्वतःचा बोकड कापून किलोवर विकायला लागलास की झालास खाद्य व्यावसायिक. मग अन्न सुरक्षेच्या 2006 च्या कायद्याखाली नोंदणी करावी लागते. दिवसाला दहा लहान जनावरं किंवा पन्नास कोंबड्यांपर्यंत साधी नोंदणी पुरते, त्यापुढं परवाना. गंमत अशी की जिवंत बोकड विकलास, अंडी विकलीस, तर तू शेतकरी, आणि त्या कायद्याचं कलम 18 शेतकऱ्याला बाहेर ठेवतं. सुरी लागली की तोच शेतकरी खाटीक होतो. वहिनींचा अंडी विकायचा बेत आहे ना, तो बिनघोर चालू दे.

सांगलीत विश्रामबागेत थोरल्याच्या बंगल्याच्या गच्चीवर बारशाचा बोकड पाडायचा म्हणत होतास, ते मात्र सोड. ती महापालिकेची हद्द. 2001 च्या त्याच नियमांनी शहराच्या हद्दीत मान्यताप्राप्त कत्तलखान्याबाहेर जनावर कापता येत नाही. आणि खालच्या मजल्यावरच्या बाई तक्रार करतील ती वेगळीच. वस्तीवर कर, सांगलीकरांना इकडं बोलव.

नवसाचंही तेच. नातवाचा नवस काळूबाईचा आहे हे मला आईकडनं कळलं. बोकड घेऊन मांढरदेवला जाऊ नको. 2005 च्या जानेवारीत तिथं चेंगराचेंगरीत जवळजवळ तीनशे माणसं गेली, त्या वर्षी आपल्या आळीतलेही यात्रेला निघाले होते, आठवतंय ना? आता तिथं यात्रेत पशुहत्येला मनाई असते. दर्शन घे, ओटी भर, जेवण घरी घाल. देवीला घाटात टेंपो अडकवायची हौस नाही.

उसात ससा दिसतो, माळावर तित्तर ओरडतं. पोरांचे हात शिवशिवतात. तू पोरगा असताना काय काय केलंस ते मी इथं लिहीत नाही, पत्र कुणाच्या हातात पडेल सांगता येत नाही. ते सगळं 1972 च्या वन्यजीव कायद्यात आलं. तिथं दंड पन्नास रुपये नाही, तुरुंग आहे.

आणि चुलत्याची शेरडं तुझ्या मक्यात शिरली तर दगड घालू नको. दुसऱ्याचं जनावर मारणं किंवा लुळं करणं हा नव्या न्याय संहितेत कलम 325 चा गुन्हा, पाच वर्षांपर्यंत. ग्रामपंचायतीच्या कोंडवाड्यात घाल. कोंडवाड्याचा जुना कायदा 1871 चा, त्यात गुरांच्या यादीत हत्ती आणि उंटसुद्धा आहेत. तुझ्या मक्यात हत्ती आला तर मला आधी फोन कर.

शेरडं घ्यायला आटपाडीच्या बाजाराला जाऊ, मी बरोबर येतो. उस्मानाबादी जातीच्या दोन पाठी, म्हणजे तरण्या शेळ्या, आणि एक बोकड घेऊन सुरुवात कर, दहा एकदम नको. बाजार समितीची पावती घ्यायची आणि टेंपोत दाटीवाटीनं भरायचं नाही. पीपीआर या शेरडांच्या साथीच्या रोगाची लस टोचलीय का हे विकणाऱ्याला विचार, पण त्याच्यावर विश्वास ठेवू नको, इथं आल्यावर डॉक्टरला दाखवू. पाठ घेताना पोटावर हात मी ठेवीन.

पहाटे पाचला निघायचं. थर्मासमध्ये चहा तू आण, तुझ्याकडचा केरळी थर्मास चांगला आहे. वहिनींना नमस्कार, नातवाला पापा.

तुझा,
बापू