फणसाडच्या वाटेवर स्पीकर नको : वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
यांस सविनय नमस्कार.

रायगड जिल्ह्यातला, रेवदंडा आणि राजपुरी या दोन खाड्यांच्या मधला, समुद्राला खेटून उभा असलेला फणसाडचा डोंगर आपल्याला परिचित असेलच. जंजिऱ्याच्या नवाबाचे हे राखीव शिकारीचे रान १९८६ साली अभयारण्य झाले, म्हणून एवढे जंगल किनाऱ्यालगत टिकले. पहाटे सुपेगावातून निघावे, ऐन-किंजळीच्या सावलीतून एखाद्या गाणीवर, म्हणजे पाणवठ्यावर, जाऊन निमूट बसावे. हरियालांचा थवा उतरतो, शेकरू फांदीवरून खेकसते, धनेशाच्या पंखांचा आवाज तो दिसण्याआधी ऐकू येतो. डोक्यावर गारंबीच्या वेलाच्या हाताहून लांब शेंगा लोंबत असतात. पुढे झाडी विरळ झाली की खाली थेट अरबी समुद्र, आणि नशीब जोरावर असेल तर वर समुद्र गरुड. दिवसभराची पायपीट सार्थकी लागते.

पत्राचे कारण नवरंग आहे. पावसाच्या तोंडावर हा पक्षी विणीसाठी कोकणात येतो आणि सकाळ-संध्याकाळ दोन सुरांची शीळ घालतो. गेल्या हंगामात पायवाटेवर एका गटाने त्याची तीच शीळ मोबाइलवरून स्पीकरला लावली. पाचोळा उलटून किडे टिपणारा नवरंग चोच वर करून थबकला. मग फांदीवर आला, उत्तर दिले, पुन्हा खाली, पुन्हा वर. रेकॉर्डिंग थांबत नव्हते आणि कॅमेरेही. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला, असे त्याला वाटते. तो खाणे सोडतो, घरटे असेल तर तेही. तेवढ्यात अंड्यांवर साप किंवा कावळा पोचला, तर ती वीण वाया. (गाडी हाकत इतक्या लांब आलो म्हणजे पक्षी दिसलाच पाहिजे, हा हट्ट कुठून आला कोण जाणे.)

तिबोटी खंड्याचे हाल याहून वाईट. रायगडचा हा जिल्हा पक्षी, जेमतेम चिमणीएवढा. पावसाळ्यात ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ कोरून अंडी घालतो. तिथे पक्षी बसावा म्हणून बिळासमोर आयती काटकी रोवून छायाचित्रकार रांगेने बसतात. सरडा किंवा बेडूक चोचीत धरून आलेली मादी माणसे पाहून मागे फिरते आणि पिल्ले तेवढा वेळ उपाशी राहतात.

नवा कायदा करा, असे माझे म्हणणे नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या अंड्यांना आणि घरट्यांना उपद्रव देणे येते. अभयारण्यात छायाचित्रणाला परवाना लागतो, तो देताना अट घालता येते. रेकॉर्ड केलेले आवाज वाजवायचे नाहीत, घरट्यासमोर ठाण मांडायचे नाही, एवढे प्रवेशाच्या पावतीवर ठळक मराठीत छापा आणि मोडणाऱ्याला तिथेच बाहेर काढा. खंड्याची बरीच बिळे अभयारण्याबाहेर, खासगी जागेत असतात. तिथे ग्रामपंचायतींना हाताशी धरल्याशिवाय काही होणार नाही.

म्हणून पैशाबद्दल एक विनंती. पर्यटनाच्या नावाने निधी आला की आधी पायवाटेवर सिमेंट पडते आणि मग मनोरा उभा राहतो. फणसाडला त्याऐवजी आसपासच्या गावांतली आणि आदिवासी वाड्यांवरची मुले वाटाडे म्हणून तयार करा, आणि पाहुण्यांचे शुल्क थेट त्यांच्या हाती जाऊ द्या. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावी समुद्री कासवांच्या निमित्ताने घरोघरी पाहुणे उतरू लागले, तेव्हापासून गावच कासवांची राखण करते. इथेही स्पीकर बंद करायला सांगणारा माणूस गावचा असेल, तर त्याचे ऐकले जाईल.

परिपत्रक काढायचे तर ते मे महिन्यातच निघावे. जूनच्या पहिल्या सरींनी माती भिजली की खंड्या बीळ कोरायला घेतो, आणि फाइल सप्टेंबरपर्यंत फिरत राहिली तर यंदाची वीण उलटून गेलेली असेल.

कळावे,
आपला नम्र,
रायगडातला एक पक्षीनिरीक्षक